उन्हाळ्याचे दोन पडदे

परीक्षा आटोपतात, माठातल्या पाण्याला वाळ्याचा वास येऊ लागतो, आजोळी जावयाच्या गाड्यांची आरक्षणे होतात, आणि घरातील लहानथोरांच्या तोंडी एकच प्रश्न येतो : यंदा सुटीत कोणता चित्रपट पाहावयाचा? दुपारच्या उन्हात बाहेर पडवत नाही. चित्रपटगृहात मात्र गारवा असतो, पाहुण्यारावळ्यांसह सारे कुटुंब एका रांगेत बसते, आणि अडीच-तीन तास कोणी कोणाशी भांडत नाही. असा हा साधा घरगुती व्यवहार. परंतु ‘उन्हाळी चित्रपट’ म्हणून जी एक स्वतंत्र जात आज जगभर ओळखली जाते, तिच्यामागे मोठी उलाढाल आहे, शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तिचे परिणाम महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी घरांच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचले आहेत. आम्ही हे उन्हाळे बरीच वर्षे नेटाने पाहत आलो आहोत. एक डोळा अमेरिकेच्या गल्लाभरू चित्रपटांवर, दुसरा फ्रान्समधील कान येथील महोत्सवात मान मिळविणाऱ्या गंभीर चित्रपटांवर. हे दोन पडदे समजले जातात तितके एकमेकांना परके नाहीत, असे आमचे मत होत गेले आहे. ते का, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

आधी घरचे बोलू. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात जनतेसाठी लागला तो ३ मे १९१३ रोजी, म्हणजे ऐन उकाड्यात. ज्या ख्रिस्तचरित्राच्या मूकपटाने त्यांच्या मनात ही ठिणगी टाकली, तो त्यांनी गिरगावातच १९११ च्या ईस्टरच्या सुमारास पाहिला होता. बडोदेकर वाचकांना ठाऊक असेलच, की फाळके यांचे कलाशिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर बडोद्याच्या कलाभवनात झाले होते. तेव्हा उन्हाळा आणि चित्रपट यांचे नाते आपल्याकडे काही परदेशातून आयात करावे लागले नाही. आयात झाली ती उन्हाळ्याच्या हिशेबाची.

त्या हिशेबाची सुरुवात पडद्यावर झालीच नाही. ती यंत्रात झाली. अमेरिकेतील चित्रपटगृहांना एके काळी उन्हाळा म्हणजे मंदीचा मोसम वाटे. कोंदट, बंदिस्त दालनात घामाघूम होऊन बसावयास कोण येणार? कित्येक गृहे त्या दिवसांत चक्क कुलूप लावून ठेवीत. १९२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधील रिव्होली चित्रगृहात विलिस कॅरियर यांनी हवा थंड करण्याची आपली यंत्रणा बसविली. पहिल्या दिवशी प्रेक्षक सवयीप्रमाणे हातपंखे घेऊन आले होते. दालन हळूहळू गार होत गेले, तसतसे एकेक करून ते पंखे खाली ठेवले गेले, अशी आठवण कॅरियर यांनी सांगून ठेवली आहे. पॅरामाउंटचे प्रमुख अॅडॉल्फ झुकॉर त्या गर्दीत जातीने हजर होते, आणि त्यांचे समाधान झाले. पुढे गावोगावच्या चित्रपटगृहांबाहेर आतील गारव्याची जाहिरात चित्रपटाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत लागू लागली. लोक चित्रपटाला येत की गारव्याला, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आपल्याकडे मे महिन्यात आजही आहे.

तरीदेखील मोठे, मानाचे चित्रपट पुढे बराच काळ थंडीत काढले जात आणि एका शहरातून दुसऱ्या शहरात सावकाश फिरत. ही चाल मोडली ती एका माशाने.

‘जॉज’ हा स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा चित्रपट २० जून १९७५ रोजी अमेरिकेत एकाच दिवशी ४०९ चित्रपटगृहांत लागला. त्या आधीचे काही दिवस त्याच्या जाहिराती दूरचित्रवाणीवर ऐन संध्याकाळच्या वेळी इतक्या दाखविल्या गेल्या, की तेवढ्यावरच सुमारे सात लक्ष डॉलर खर्च झाले. दिग्दर्शकाचे वय तेव्हा अवघे अठ्ठावीस. पीटर बेंचली यांच्या कादंबरीवरून घेतलेली कथा एका वाक्यात मावते : समुद्रकाठच्या सुटीच्या गावी एक प्रचंड शार्क मासा माणसे खाऊ लागतो. पण ज्यांनी हा चित्रपट केवळ भीतीपट म्हणून पाहिला, त्यांनी अर्धाच पाहिला. त्या गावाचे वर्षाचे पोट उन्हाळ्याच्या पर्यटकांवर चालते. पोलीस अधिकारी म्हणतो, किनारा बंद करा. नगराध्यक्ष म्हणतो, चार जुलैच्या सुटीची गर्दी तोंडावर आली आहे, आता बंद केला तर गाव उपाशी मरेल. माशापेक्षा तो नगराध्यक्षच आम्हांला अधिक भयानक वाटतो, कारण तो दुष्ट नाही. तो हिशेबी आहे. आणि गंमत अशी, की उन्हाळ्याच्या गल्ल्यापायी माणसे कशी आंधळी होतात, हे सांगणाऱ्या या चित्रपटानेच चित्रपटधंद्याला उन्हाळ्याच्या गल्ल्याची चटक लावली.

त्याची घडण कशी झाली, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. स्पीलबर्ग यांनी हट्टाने खऱ्या समुद्रात चित्रीकरण केले. पंचावन्न दिवसांत संपावयाचे काम एकशे एकोणसाठ दिवस रेंगाळले. यांत्रिक मासा तयार करण्यात आला होता. त्याचे लाडके नाव ब्रूस, स्पीलबर्ग यांच्या वकिलाच्या नावावरून ठेवलेले. हा ब्रूस खाऱ्या पाण्यात उतरताच वारंवार बिघडू लागला. मासाच नाही, तर दाखवावयाचे काय? मग पाण्याचा पृष्ठभाग दाखवला, पोहणाऱ्यांचे पाय दाखवले, पिवळी पिंपे दाखवली, आणि त्यावर जॉन विल्यम्स यांचे ते दोन स्वरांचे, छातीच्या ठोक्यासारखे वाढत जाणारे संगीत. तासाहून अधिक वेळ मासा धडपणे दिसतच नाही. संकलक व्हर्ना फील्ड्स यांना या कामासाठी ऑस्कर मिळाले, संगीताला मिळाले, ध्वनिलेखनालाही मिळाले. न दाखविता दाखविण्याची ही कला गंभीर चित्रपटांची मिरासदारी आहे असे जे मानले जाते, ते किती पोकळ आहे, हे या एका उन्हाळी चित्रपटावरून कळावे.

परंतु धंद्याने त्यातून हा धडा घेतला नाही. त्याने घेतलेला धडा सोपा होता : भरपूर जाहिरात करा, एकाच दिवशी सगळीकडे लावा, आणि लोक एकमेकांना बरेवाईट सांगण्यापूर्वी पैसे वसूल करा. पुढे २५ मे १९७७ ला जॉर्ज ल्यूकस यांचा ‘स्टार वॉर्स’ आला. तो प्रारंभी तीस-चाळीस गृहांतच लागला होता, पण त्याने उत्पन्नाचे उच्चांक मोडले, आणि मेअखेर ते ऑगस्ट हा मोसम कायमचा मोठ्या चित्रपटांच्या नावे लिहिला गेला. ‘ब्लॉकबस्टर’ हा शब्द मुळात दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बचा, गल्लीच्या गल्ली उडविणाऱ्या. शब्द निवडणाऱ्याला भविष्य कळत होते की काय, कोण जाणे.

आता याच्याशेजारी आपला ‘शोले’ ठेवून पाहावा. ‘जॉज’नंतर आठ आठवड्यांनी, १५ ऑगस्ट १९७५ ला तो प्रदर्शित झाला. पहिल्या दिवसांत प्रतिसाद थंड होता. व्यापारी वर्तुळात तो पडला असेच बोलले जात होते. मग लोकांनी लोकांना सांगितले, आणि मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षे चालला. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ च्या डिसेंबरात निघाला, वर्षाहून अधिक काळ मुंबईत एकाच गृहात राहिला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्या काळी चित्रपटाला धीर धरता येत असे. आजच्या रीतीने शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांवर ‘शोले’चा निवाडा झाला असता, तर गब्बरसिंगाचे नाव आपल्या नातवंडांना ठाऊक असते की नाही, याची आम्हांला शंका आहे.

हा प्रश्न आपल्यासाठी केवळ इतिहासाचा नाही. महाराष्ट्राबाहेरच्या कोणत्याही गावी मराठी चित्रपट कसा लागतो, हे वाचक जाणतात. एक पडदा, दिवसाला एक खेळ, तोही सकाळी दहाचा नाहीतर रात्री उशिराचा. त्याच आठवड्यात एखादा परदेशी उन्हाळी चित्रपट त्याच इमारतीतील उरलेले सारे पडदे अडवून बसलेला असतो. शनिवार-रविवारी खुर्च्या रिकाम्या राहिल्या, की पुढच्या गुरुवारी मराठी फलक उतरतो. २०१५ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र शासनाने बहुपडदा चित्रपटगृहांना मराठी चित्रपटासाठी चांगल्या वेळेचा खेळ राखून ठेवण्यास सांगितले, तेव्हा बराच गदारोळ झाला, वेळेची अट सैल करावी लागली. पण सैल का होईना, तेथे काही आधार तरी आहे. राज्याची सीमा ओलांडली की तोही नाही. तेथे मराठी चित्रपटाचा कायदा एकच : पहिल्या तीन दिवसांत कोण आले. म्हणूनच ज्या गावची मराठी मंडळे पन्नास-शंभर तिकिटांची एकगठ्ठा नोंदणी पहिल्याच रविवारसाठी करतात, त्यांचे आम्हांला मोठे कौतुक वाटते. ‘पाहू पुढच्या आठवड्यात सवडीने’ म्हणणाऱ्यांना पुढचा आठवडा मिळत नाही.

उन्हाळ्याचा दुसरा पडदा भूमध्य समुद्राच्या काठी आहे. कानचा महोत्सव १९३९ च्या सप्टेंबरात भरावयाचा होता. नेमके त्याच दिवसांत महायुद्ध पेटले आणि तो झाला नाही. पहिला महोत्सव भरला १९४६ साली, आणि त्यात चेतन आनंद यांच्या ‘नीचा नगर’ला सर्वोच्च मानात वाटा मिळाला. पुढे महोत्सव शरदातून वसंतात सरकला आणि मे महिन्यात स्थिरावला. जगातील गंभीर चित्रपटांचा बाजार म्हणा वा जत्रा म्हणा, ती भरते तेव्हा आपल्याकडे आमरसाचे दिवस असतात. ज्या पंधरवड्यात अमेरिका आपला सर्वांत मोठा उन्हाळी चित्रपट बाहेर काढण्याची तयारी करीत असते, त्याच पंधरवड्यात कानला इराणचा, जपानचा, रुमानियाचा एखादा अल्पखर्ची चित्रपट पारितोषिकासाठी उभा असतो. वर्तमानपत्रांच्या एकाच पानावर दोन्ही बातम्या येतात. आपण सहसा एकच वाचतो.

१९५६ सालचा कान महोत्सव आम्हांला विशेष वाटतो. त्या वर्षी सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ला उत्कृष्ट मानवी दस्तऐवज म्हणून गौरविण्यात आले, आणि त्याच वर्षी स्वीडनच्या इंगमार बर्गमन यांच्या ‘स्माइल्स ऑफ अ समर नाइट’ला काव्यात्म विनोदाबद्दल पारितोषिक मिळाले. दोन्हींमध्ये उन्हाळा आहे, पण तो एकच ऋतू म्हणता येईल काय? स्वीडनमधील उन्हाळ्याची रात्र म्हणजे जेमतेम अंधारणारी, सूर्य मावळतो न मावळतो तोच पुन्हा उगवणारी. वर्षभराच्या काळोखानंतर मिळालेली ती थोडीशी मुभा. म्हणून बर्गमन यांची माणसे त्या रात्री प्रेमात पडतात, शहाणपण सोडतात, आणि त्यांच्या हसण्यात ‘हे फार टिकणार नाही’ ही जाणीव असते. त्यांच्याच ‘समर विथ मोनिका’त (१९५३) दोन तरुण जीव शहरातील कामधंदा टाकून होडीने बेटांवर पळून जातात; उन्हाळा सरतो आणि संसार उरतो. आपल्याकडे याच्या नेमके उलट. कालिदासाने ‘ऋतुसंहारा’ची सुरुवातच ग्रीष्मापासून केली आहे, कारण तो सोसावयाचा ऋतू, त्यातून पार पडल्यावर पाऊस यावयाचा. ‘पथेर पांचाली’त पहिल्या पावसात दुर्गा भिजते, नाचते, आणि त्याच पावसाच्या तापाने जाते. परदेशी चित्रपटाच्या नावातील ‘समर’चे ‘उन्हाळा’ असे भाषांतर करून आपण पुढे गेलो, तर चित्रपटाचा अर्धा अर्थ उंबऱ्यावरच सांडतो. तेथे ‘सुटी’ किंवा ‘मोकळीक’ हा शब्द मनात धरावा.

सुटीवरून एरिक रोमर यांचा ‘द ग्रीन रे’ आठवतो. १९८६ साली व्हेनिसमध्ये त्याला सुवर्ण सिंह मिळाला. पॅरिसमधील देल्फीन नावाची एक कारकून मुलगी. सोबत सुटीला जाणार असलेली मैत्रीण आयत्या वेळी बेत मोडते, आणि सुटी आहे पण सोबत नाही, अशी तिची अवस्था होते. ती या गावी जाते, त्या डोंगरात जाते, परत येते, पुन्हा समुद्रावर जाते. कोठेच रमत नाही, उगाच रडू येते. रोमर यांनी हा चित्रपट मोजक्या माणसांनिशी, साध्या सोळा मिलिमीटरच्या फितीवर, संवाद बव्हंशी कलावंतांवर सोपवून घेतला. घडत काहीच नाही असे म्हणणाऱ्यांशी आम्ही वाद घालणार नाही. परंतु परगावी नोकरीस असलेल्या, आजोळ सुटलेल्या, एप्रिलअखेर ‘कोठे जावयाचे?’ या प्रश्नाने कासावीस होणाऱ्या माणसाला त्यात काय घडते ते बरोबर कळते. मावळत्या सूर्याच्या शेवटच्या क्षणी दिसणारा हिरवा किरण तिला दिसतो की नाही, ते आम्ही सांगत नाही.

आता मूळ मुद्दा. हे दोन पडदे वेगवेगळे असतील, पण त्यांच्यामागची माणसे एकमेकांच्या घरी सदैव येत-जात आली आहेत.

जपानचे आकिरा कुरोसावा हे गंभीर चित्रपटाच्या देव्हाऱ्यातील नाव. त्यांच्या ‘द हिडन फोर्ट्रेस’मध्ये (१९५८) राजकन्येच्या पलायनाची कथा दोन भांडखोर, भित्र्या शेतकऱ्यांच्या डोळ्यांतून सांगितली आहे. ल्यूकस यांनी उघडपणे मान्य केले आहे, की ‘स्टार वॉर्स’मधील त्या दोन यंत्रमानवांची जोडी तेथून सुचली. ज्या मुलांनी ते यंत्रमानव खेळणी म्हणून उराशी धरले, त्यांना आपण कुरोसावांचे ऋणी आहोत हे ठाऊक नव्हते. पण ल्यूकस यांना होते. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस कुरोसावांना स्वदेशात पैसा मिळेनासा झाला. ‘कागेमुशा’ आपल्या हातून निघेल की नाही याची शाश्वती नव्हती, म्हणून त्यांनी त्याची दृश्ये कागदावर रंगवून ठेवण्यास आरंभ केला. तेव्हा ल्यूकस आणि फ्रान्सिस कोपोला यांनी ट्वेंटिएथ सेंचुरी फॉक्स या कंपनीचे मन वळवले, तिने परदेशातील हक्कांपोटी उरलेली रक्कम पुरविली, आणि चित्रपट पुरा झाला. १९८० च्या मे महिन्यात ‘कागेमुशा’ला कानचा सर्वोच्च सन्मान, सोनेरी ताडपर्ण, बॉब फॉसी यांच्या ‘ऑल दॅट जॅझ’बरोबर विभागून मिळाला. त्याच आठवड्यात, २१ मे रोजी, त्याच फॉक्स कंपनीचा आणि त्याच ल्यूकस यांचा ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ अमेरिकेत प्रदर्शित होत होता. गल्ल्यावर जमलेला पैसा एका वृद्ध कलावंताच्या कामी कसा येऊ शकतो, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस माहीत नाही. मात्र तो आपोआप आला नाही; ज्याने दुसरा पडदाही पाहिला होता, त्याने तो आणला.

देवघेव नेहमी इतकी सुखाची असते असे नाही. राय यांनी १९६७ साली ‘द एलियन’ नावाची पटकथा लिहिली होती : बंगालच्या खेड्यातील तळ्यात उतरलेला परग्रहावरील एक निरुपद्रवी जीव आणि एक लहान मुलगा. हॉलिवूडच्या कंपनीशी बोलणी झाली, पटकथेच्या प्रती तेथे फिरल्या, चित्रपट झाला नाही. १९८२ साली स्पीलबर्ग यांचा ‘ई. टी.’ आला, कान महोत्सवाच्या अखेरीस दाखविला गेला, आणि जूनमध्ये प्रदर्शित होऊन उन्हाळ्याचा राजा ठरला. आपल्या पटकथेवाचून हा चित्रपट होऊ शकला नसता, असे राय यांचे मत होते; स्पीलबर्ग यांनी ते नाकारले. निवाडा करणारे आम्ही कोण? दोन्ही पडद्यांना एकच गोष्ट हवीशी वाटली, एवढे खरे.

आणि आता मराठीकडे. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ २०२० साली व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत होता. उत्कृष्ट पटकथेचे पारितोषिक त्याला मिळाले. मुंबईतील शरद नेरुळकर हा तरुण शास्त्रीय गायनाची उपासना करतो, रात्री मोटारसायकलवरून ओस रस्त्यांनी जाताना जुन्या गायिकेची, माईंची, ध्वनिमुद्रित प्रवचने ऐकतो, आणि वर्षे लोटतात तसे त्याला हळूहळू उमगते, की निष्ठा पुरेशी आहे पण देणे तेवढे नाही. गुरूच्या भूमिकेत ज्येष्ठ गायक अरुण द्रविड आहेत. माईंचा आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा. या चित्रपटाच्या कार्यकारी निर्मात्यांत अल्फोन्सो कुआरोन हे मेक्सिकोचे दिग्दर्शक आहेत. ताम्हाणे यांनी त्यांच्या ‘रोमा’च्या चित्रीकरणस्थळी राहून काम पाहिले होते. हेच कुआरोन २००४ च्या जूनमध्ये आलेल्या हॅरी पॉटरच्या तिसऱ्या चित्रपटाचे दिग्दर्शक. ज्या हातांनी मुलांसाठी जादूच्या शाळेचा उन्हाळी चित्रपट केला, त्यांनीच ख्यालगायकीवरील मराठी चित्रपटाच्या पाठीवर हात ठेवला. ‘द डिसायपल’ ३० एप्रिल २०२१ ला, साथीच्या दिवसांत, नेटफ्लिक्सवर आला. चित्रपटगृहे बंद होती हे दुर्दैवच. पण त्या रात्री तो इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद आणि पुणे येथील मराठी घरांना एकाच वेळी खुला झाला. ‘बाहेरच्यांना’ उशिरा, असा पंक्तिभेद त्यात नव्हता. हैदराबादेत जन्मलेले नीरज घायवान यांच्या ‘होमबाउंड’ला २०२५ च्या कान महोत्सवात स्थान मिळाले, तेव्हा त्याच्यामागेही कार्यकारी निर्माता म्हणून मार्टिन स्कोर्सेसी यांचे नाव होते.

दोन्ही पडदे एकाच चित्रपटात भेटले असे उदाहरण हवे असेल, तर दूर जावयास नको. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ च्या फेब्रुवारीत बर्लिनच्या महोत्सवात दाखविला गेला आणि २९ एप्रिलला, परीक्षा संपता संपता, महाराष्ट्रात लागला. पुढे जे झाले ते मराठीत पूर्वी झाले नव्हते : मध्यरात्रीचे खेळ लावावे लागले, पडद्यासमोर माणसे नाचली, आणि शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट म्हणून त्याची नोंद झाली. अजय-अतुल यांच्या गाण्यांवर नाचणाऱ्या त्याच गर्दीला शेवटच्या काही मिनिटांत संगीत काढून घेतल्यावर जी शांतता ऐकावी लागली, ती कोणत्याही महोत्सवातील प्रेक्षकाने ऐकलेल्या शांततेपेक्षा उणी नव्हती. परराज्यातील आपल्या घरांना त्याचा उत्तरार्ध अधिक जवळचा. आर्ची आणि परशा पळून जातात ते हैदराबादला. तेथे भाषा कळत नाही, काम मिळत नाही, आणि आधार देते ती तेथेच राहून पोट भरणारी मराठी बोलणारी सुमनअक्का. ही भूमिका छाया कदम यांची. याच छाया कदम २०२४ च्या मे महिन्यात कानच्या पायऱ्यांवर होत्या, पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’मधील पार्वतीच्या रूपाने. तीस वर्षांनी भारतीय चित्रपट मुख्य स्पर्धेत आला आणि ‘ग्रां प्री’ हा दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान घेऊन गेला. इस्पितळात स्वयंपाक करणारी ही पार्वती, कागदपत्रे नाहीत म्हणून मुंबईतले घर सोडून कोकणातल्या गावी परतते. सैराटच्या खेळाला शिट्ट्या वाजविणाऱ्या किती जणांनी आपल्या सुमनअक्काला तेथे जाऊन ओळखले असेल?

कोणी म्हणेल, हे सगळे पाहावयाचे कसे? पूर्वी याची उत्तरे अधिक अवघड होती. मोठ्या शहरांतील फिल्म सोसायट्या होत्या. पुण्यास चित्रपट संस्था आणि चित्रपट संग्रहालय यांचे रसास्वाद शिबिर वर्षानुवर्षे मे-जूनमध्येच भरत आले. आणि दूरदर्शनवर १९८० च्या दशकात रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतील पारितोषिकप्राप्त चित्रपट लागत. जेवणानंतरच्या त्या सुस्त वेळी कन्नड, मल्याळी, आसामी चित्रपट पाहून कित्येक घरांना इंग्रजी उपशीर्षके वाचण्याची सवय लागली. आज पडदा घरात आहे आणि निवडीला अंत नाही, त्यामुळे अडचण उलटी झाली आहे. आमची रीत साधी आहे. एप्रिलच्या मध्यास कानची यादी जाहीर होते, ती कापून ठेवावी. मेअखेर निकाल लागतो, त्यावर खुणा कराव्यात. हे चित्रपट आपल्यापर्यंत पोहोचेपर्यंत दिवाळी उजाडते, कधी पुढचा उन्हाळाही. तेवढा धीर धरावा. दरम्यान मुलांना घेऊन मोठा उन्हाळी चित्रपट मोठ्या पडद्यावरच पाहावा, कारण तो तेथेच शोभतो. २१ जुलै २०२३ ला ‘बार्बी’ आणि ‘ओपेनहायमर’ एकाच दिवशी लागले, तेव्हा तरुण मंडळींनी दोन्ही एका दिवसात पाहण्याचा घाट घातला. थट्टेने सुरू झालेल्या त्या खेळात तीन तासांच्या, बव्हंशी संभाषणांनी भरलेल्या शास्त्रज्ञाच्या चरित्राला तुडुंब गर्दी झाली. तरुणांना अवघड पचत नाही हे रडगाणे त्या दिवसापासून आम्ही ऐकून घेत नाही. मराठी चित्रपट लागला, तर मात्र तो सर्वांच्या आधी, पहिल्या रविवारी.

यंदाच्या सुटीत घरात बसून एकच पाहावयाचा झाला, तर आम्ही ताम्हाणे यांचाच पहिला चित्रपट सुचवू : ‘कोर्ट’. २०१४ साली व्हेनिसला दोन पारितोषिके, मग राष्ट्रीय पुरस्कार, आणि १७ एप्रिल २०१५ ला, ऐन उन्हाळ्यात, प्रदर्शन. एका वृद्ध लोकशाहिरावर खटला चालतो, तारखा पडत राहतात. आरोपीचा वकील घरी आईवडिलांशी गुजराती बोलतो. बडोदेकरांना ती भाषा वाचून घ्यावी लागणार नाही. सरकारी वकील बाई कुटुंबासह मराठी नाटकाला जातात, तेथे परप्रांतीयाला घराबाहेर हाकलण्याचा प्रवेश येतो आणि प्रेक्षागार टाळ्यांनी भरून जाते. मुंबईकर तो प्रसंग कसा पाहतात ते मुंबईकर जाणोत. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या प्रांतात घर करून राहिलेल्या आपल्यासारख्यांना त्या टाळ्या निराळ्या ऐकू येतात, आणि ती मुले शेजारी बसलेली असताना ऐकाव्यात. चित्रपटाच्या अखेरीस न्यायालयाला उन्हाळ्याची सुटी लागते. दिवे एकेक करून मालवले जातात, दार बंद होते, अंधार राहतो, आणि शाहीर तुरुंगातच असतो. त्यानंतर न्यायाधीशमहाशय नातेवाइकांबरोबर सहलीला गेलेले दिसतात. दुपारी बागेतल्या बाकावर त्यांचा डोळा लागतो. मुले खोडी काढण्यासाठी एकदम ओरडतात, ते दचकून जागे होतात, हाताशी सापडलेल्या एकाला चापट मारतात, आणि पुन्हा मान टाकून झोपी जातात.